उघडल्याशिवाय कळत नाही, उघडलं की परत घेत नाही

प्रति,
ब्लू-रे आणि डीव्हीडी प्लेअर बनवणाऱ्या कंपन्या,
त्यात लागणाऱ्या डिस्का बाजारात आणणारे वितरक,
आणि हे दोन्ही एकाच काउंटरवर विकणारी मोठी दुकानं

स. न. वि. वि.

तुम्हा तिघांना मिळून हे एकच पत्र लिहितो आहे. वेगवेगळी लिहिली असती तर प्रत्येकाने मला दुसऱ्याचा पत्ता कळवला असता. गेले दोन महिने तेच चाललं आहे. पत्र खुलं अशासाठी, की बंद पाकिटातली तीन तुमच्याकडे आधीच पडून आहेत.

आधी मी कोण ते सांगतो. साताऱ्यात राजवाड्याच्या मागच्या बोळात माझं दुरुस्तीचं दुकान आहे, १९९४ पासून. टेपरेकॉर्डरपासून सुरुवात केली. मग व्हीसीआर आले, व्हीसीडी आल्या, डीव्हीडी आल्या, आणि आता जे कोणी घेऊन येईल ते. ट्रे अडकला असेल तर बेल्ट सैल झालाय, चालूच होत नसेल तर पॉवर सप्लायचा कपॅसिटर फुगलाय, डिस्क फिरते पण 'नो डिस्क' म्हणते तर लेन्स वीक झाली आहे, हे मला झाकण काढायच्या आधी सांगता येतं. (आमच्या धंद्यात लेझर, भिंग, कॉइल या सगळ्या जोडणीला मिळून 'लेन्स'च म्हणतात. इंजिनिअर लोकांनी माफ करावं.) तेव्हा 'ग्राहकाला वापरता आलं नसेल' हे तुमचं ठेवणीतलं उत्तर कृपा करून माझ्यासाठी काढू नका.

आता झालं काय ते. गणपतीच्या आधी पुण्याला गेलो होतो. डिस्का ठेवणारी दुकानं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत. त्यातल्या एका मोठ्या दुकानातून घरासाठी ब्लू-रे प्लेअर घेतला. (ब्लू-रे म्हणजे डीव्हीडीनंतर आलेली, जास्त स्पष्ट चित्राची डिस्क.) बायकोला सिनेमाची हौस, आणि आमच्या भागात इंटरनेटचा वेग संध्याकाळी सात नंतर बैलगाडीचा. प्लेअरबरोबर तीन डिस्का घेतल्या. सगळं एकाच बिलावर. घरी आल्यावर दोन डिस्का छान लागल्या. तिसरी टाकली. कंपनीचं चिन्ह आलं, गोल फिरणारी खूण आली, आणि ती खूण फिरतच राहिली. दहा मिनिटं आम्ही दोघं ती बघत बसलो. शेवटी बायको म्हणाली, "तुम्ही दिवसभर लोकांचे प्लेअर चालू करता ना?"

दुसऱ्या दिवशी डिस्क दुकानात नेली. दिव्याखाली धरून पाहिली: ओरखडा नाही, बोटाचा डाग नाही. दुकानात दुरुस्तीला आलेले आणि दुरुस्त झालेले मिळून चार ब्लू-रे प्लेअर होते. एकात लागली. दुसऱ्यात मेनूपर्यंत जाऊन अडकली. तिसऱ्यात लागली. चौथ्यात काळा पडदा. घरचा प्लेअर आणून त्यात चारचौघांच्या बाकीच्या डिस्का लावून पाहिल्या, एकूण एक चालल्या. इंटरनेटवरून जादा माहिती खेचायची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद केली, मागच्या खाचेत पेनड्राइव्ह लावला. कधीकधी तेवढ्याने अडलेली डिस्क सुटते. इथे सुटली नाही.

म्हणजे डिस्क खराब नाही. प्लेअरही खराब नाही. दोघांचं फक्त एकमेकांशी जमत नाही. आमच्याकडे लग्नाआधी छत्तीस गुण जुळवून बघतात, तरी काही घरांत पुढे छत्तीसचा आकडा निघतोच. पण तिथे निदान पत्रिका बघायला मिळते. तुमच्या डबीवर ती छापलेलीच नसते.

यानंतर तुमच्या तिघांच्या दारांची वारी सुरू झाली.

दुकान. काउंटरवरचा मुलगा भला होता. डिस्क हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाला, "काका, सील फोडलंय." मी विचारलं, सील न फोडता ती चालते की नाही हे कसं बघायचं? तो हसला. त्यालाही उत्तर माहीत नव्हतं. "सिस्टीममध्ये उघडलेल्या डिस्कसाठी रिटर्नचा ऑप्शनच नाही," म्हणाला. बिलाच्या तळाशी बोट ठेवलं: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मग प्लेअर परत घ्या म्हटलं, तर प्लेअरला कंपनीची वॉरंटी आहे, तिथे फोन करा.

प्लेअरची कंपनी. टोल-फ्री नंबरवर बावीस मिनिटं संगीत. मग एका मुलीने नम्रपणे विचारलं, "सर, प्लग काढून परत लावून बघितलात का?" लावून बघितला होता. मग म्हणाली, "फर्मवेअर अपडेट करा." फर्मवेअर म्हणजे प्लेअरच्या चिपमध्ये बसलेला, त्याला चालवणारा प्रोग्रॅम. केला की. तुमच्या साइटवर माझ्या प्लेअरचा मॉडेल नंबर तीन वेगवेगळ्या शेपट्यांसह आहे, आणि कुठली शेपटी भारतातली हे कुठेही लिहिलेलं नाही. पहिली फाइल प्लेअरने नाकारली. दुसरी घेतली, आणि पडद्यावर उमटलं की यात आधीपासूनच हीच आवृत्ती आहे. परत फोन. दुसरी मुलगी. पुन्हा प्लग. शेवटी निर्णय असा मिळाला: बाकीच्या डिस्का चालतात म्हणजे यंत्र बरोबर आहे, डिस्क विकणाऱ्याला विचारा.

डिस्कचा वितरक. डबीवर मेलचा पत्ता होता. अकरा दिवसांनी दोन ओळी आल्या: आमची डिस्क मानकाप्रमाणे आहे, प्लेअर बनवणाऱ्याशी संपर्क साधावा.

झालं वर्तुळ पूर्ण. या वर्तुळात पैसे तिघांनाही मिळाले आहेत. दिले मी एकट्याने.

हे माझ्यापुरतं असतं तर मी गप्प बसलो असतो. डिस्क कुणाला तरी देऊन टाकली असती. पण गेली पंधरा वर्षं ही तक्रार माझ्या काउंटरवर येते आहे, आणि येणारा माणूस माझ्याकडे संशयाने बघतो: प्लेअर बिघडलाय, आणि हा म्हणतो बिघडला नाही, म्हणजे याला काही येत नाही. तुम्ही हात वर केल्यावर शेवटचा माणूस मी उरतो.

म्हणून वाचणाऱ्यांसाठी जरा खोलात जाऊन सांगतो.

ऑडिओ सीडी १९८२ साली बाजारात आली. माझ्याकडे तेव्हाच्या सुमाराच्या काही सीड्या आहेत, आणि काल आलेल्या प्लेअरवरही त्या सुरू होतात. कारण सीडी म्हणजे एक वही होती: काय कुठे आणि कसं लिहायचं ते आधीच ठरलेलं, प्लेअरने फक्त वाचायचं. मधल्या काळात काही रेकॉर्ड कंपन्यांनी चोरी थांबवायला त्या वहीत खोडसाळपणा केला आणि अशा सीड्या काही यंत्रांवर अडू लागल्या. तेव्हा सीडीच्या दोन जनकांपैकी एक असलेल्या फिलिप्सने भूमिका घेतली की या सीडी आमच्या मानकात बसत नाहीत, त्यांच्यावर 'कॉम्पॅक्ट डिस्क'चं चिन्ह लावू नये. मला ही गोष्ट फार आवडते. डबीवरचं चिन्ह म्हणजे शब्द दिलेला असतो, हे तेव्हा निदान कुणाला तरी आठवत होतं.

ब्लू-रे ही वही नाही. तो प्रोग्रॅम आहे. मेनू, जादा दृश्यं, खेळ हे सगळं बऱ्याच डिस्कांवर जावा भाषेत लिहिलेलं असतं, आणि डिस्क आत गेली की प्लेअर आधी तो प्रोग्रॅम चालवतो. प्लेअरही सगळे सारखे निघाले नाहीत. सुरुवातीच्या प्लेअरना साठवणीची जागा असलीच पाहिजे असं बंधन नव्हतं. १ नोव्हेंबर २००७ नंतरच्या नव्या प्लेअरना किमान २५६ एमबी हवी असं ठरलं. इंटरनेटशी बोलणाऱ्यांना १ जीबी. त्यावर पुन्हा कुलूप आहे. डिस्कवरचा सिनेमा कुलपात असतो, किल्ल्या प्लेअरच्या पोटात असतात, आणि चोरांनी एखादी किल्ली पळवली की पुढच्या डिस्कांवर कुलूप बदलतं. चोर त्यातूनही वाट काढतो. बिल घेऊन आलेला माणूस मात्र दाराबाहेर राहतो.

हे फक्त साताऱ्यात होतं असं नाही. एप्रिल २०१० मध्ये 'अवतार' सिनेमाची ब्लू-रे निघाली. त्या वेळी जगात सगळ्यात जास्त कमाई केलेला सिनेमा, आणि दुकानातून धावत घरी नेलेली डिस्क कितीतरी प्लेअरवर नवा फर्मवेअर घातल्याशिवाय लागेना. एवढ्या मोठ्या सिनेमाच्या बाबतीत हे होऊ शकतं, तर छोट्या वितरकाच्या डिस्कची काय कथा.

अपडेट हे औषध आहे हे मला मान्य. पण औषध म्हणून दिलेलं पोटात काय करतं तेही बघा. जून २०२० मध्ये सॅमसंगचे अनेक जुने ब्लू-रे प्लेअर अमेरिकेत एकाएकी आपोआप बंद-चालू होऊ लागले आणि त्या चक्रातून बाहेरच येईनात. कुणी काही दाबलं नव्हतं. कंपनीच्या सर्व्हरवरून प्लेअरने स्वतःहून एक छोटी फाइल उतरवून घेतली होती, तिच्यात चूक होती, आणि ती वाचताना यंत्र कोसळत होतं. दुरुस्त फाइल घेण्याइतका वेळही ते जागं राहत नव्हतं. लोकांना प्लेअर कंपनीकडे पाठवावे लागले. दिवाणखान्यात शांत बसलेलं यंत्र, मालक झोपलेला, आणि यंत्र गेलं.

आमच्याकडे तर वीज आहे, म्हणजे नाही. मेढ्याकडचे एक शिक्षक पावसाळ्यात प्लेअर घेऊन आले. अपडेट अर्ध्यात असताना वीज गेली. 'अपडेट चालू असताना वीज बंद करू नये' ही सूचना त्यांनी वाचली होती. ती महावितरणने वाचली नव्हती. प्लेअर उठेना. मला माहीत आहे आत काय झालं: चिपमध्ये अर्धा जुना आणि अर्धा नवा फर्मवेअर बसला. ही चिप काढून मी माझ्याकडच्या चिप भरायच्या यंत्रावर पुन्हा भरू शकतो, अर्ध्या तासाचं काम आहे. फक्त तिच्यात भरायला मूळ फर्मवेअरची पूर्ण प्रत लागते, आणि ती तुम्ही कुणाला देत नाही. तुमच्या अधिकृत केंद्राने मास्तरांना काय सांगितलं? पूर्ण बोर्ड बदलावा लागेल, वॉरंटी संपली आहे, खर्च नव्या प्लेअरच्या जवळपास. तुमच्याच सांगण्यावरून त्यांनी अपडेट केला होता. मास्तर प्लेअर माझ्याकडेच ठेवून गेले. "पार्टसाठी वापरा," म्हणाले. वरच्या फळीवर अजून आहे.

काही स्वस्त संगणकी बोर्डांत फर्मवेअरच्या दोन प्रती ठेवायची सोय असते, एक फसली तर दुसरीवरून यंत्र उठतं. प्लेअरमध्ये ती का नसावी याचं एकच कारण मला दिसतं: काही रुपये वाचतात.

आता डबीवर न सांगितलेल्या गोष्टी. यात तर तुम्ही कमाल केली आहे.

एक निवृत्त मुख्याध्यापिका दिवाळीनंतर आल्या. मुलगा न्यू जर्सीत. त्याने आईसाठी ब्लू-रेच्या पाच डिस्का पाठवल्या होत्या, निसर्गावरच्या. दोन लागल्या, तीन लागेनात. बाईंना वाटलं प्लेअर थकला. मी डबीची पाठ भिंगाखाली धरून दाखवली: मुंगीएवढ्या चौकटीत 'ए'. कंपन्यांनी जगाचे विभाग पाडले आहेत, आणि एका विभागासाठी बांधलेली डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेअरमध्ये लागत नाही. अमेरिका, जपान 'ए' विभागात. भारत 'सी' विभागात, चीन आणि रशियाच्या पंगतीला. ज्या दोन लागल्या त्यांना विभागाचं बंधन नव्हतं. डीव्हीडीला तर वेगळाच हिशेब, तिथे अमेरिका १ आणि आपण ५. आणि नव्या, आणखी बारीक चित्राच्या अल्ट्रा एचडी ब्लू-रेला विभागच नाहीत, पण ती साध्या ब्लू-रे प्लेअरमध्ये लागत नाही. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे पुस्तक अमेरिकेत छापलं तर इथे वाचता येत नाही, असंच ना?" मला पुढे बोलता येईना.

दुसरा किस्सा कोरेगावचा. घरात जुना जाड टीव्ही, मागे पिवळी-पांढरी-लाल पिन. दुकानदाराने हातात नवा ब्लू-रे प्लेअर दिला. त्याला मागे फक्त एचडीएमआयचं भोक. ही कंजुषी नाही, नियम आहे: कुलपाच्या करारानुसार २०१३ नंतर बनवलेल्या प्लेअरमधून संरक्षित ब्लू-रेचं चित्र जुन्या पिनांवाटे देता येत नाही. हे तुम्हाला वर्षानुवर्षं माहीत होतं. खोक्यावर एक ओळ छापली असती, 'जुन्या टीव्हीला जोडता येणार नाही', तर त्या माणसाचा पगारातला अर्धा आठवडा वाचला असता. खोक्यावर जागा नव्हती असंही नाही. तिथे एका गोऱ्या कुटुंबाचा सोफ्यावर बसून हसतानाचा फोटो होता.

एक गोष्ट तुमच्या बाजूनेही बोलतो. माझ्याकडे येणाऱ्या दर दहा तक्रारींत चार-पाच तरी घरी कॉपी केलेल्या, नाहीतर फूटपाथवरून घेतलेल्या डिस्कांच्या असतात. लग्नाची डीव्हीडी फोटोग्राफरने शेवटची पायरी न करता, म्हणजे फायनलाइझ न करता दिली, की ती त्याच्याच मशीनवर चालते आणि वधूच्या माहेरी चालत नाही. त्यात तुमचा दोष नाही, आणि मी तसं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो. पण म्हणूनच, अस्सल डबी, अस्सल बिल घेऊन आलेला माणूस वेगळा ओळखता येतो. त्याला तरी चोराच्या रांगेत उभं करू नका.

आठवतं का, २००७ च्या सुमारास मोझर बेअर या डिस्का बनवणाऱ्या कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी आणली होती? तेव्हा साताऱ्यातला कुठलाही दुकानदार न चाललेली डिस्क मुकाट्याने बदलून द्यायचा. चौतीस रुपयांच्या मालासाठी गिऱ्हाईक गमावणं त्याला परवडत नसे. आता डिस्कला हजार-दीड हजार घेता, आणि बदलून द्यायची वेळ आली की 'सिस्टीममध्ये ऑप्शन नाही'.

आता कायद्याचं. मी वकील नाही, पण वाचता येतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्याच्या कलम २ च्या ४७ व्या पोटकलमात अनुचित व्यापारी प्रथा कोणत्या ते दिलं आहे. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे परत करायला नकार देणं, बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत आणि दिली नसेल तर तीस दिवसांत, हे त्यात आहे. तेव्हा बिलाच्या तळाची ती ओळ तुमच्या प्रिंटरची शाई वाया घालवते, बाकी काही नाही. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत उभी केली. पन्नास वर्षं झाली, आणि ओळ अजून तशीच आहे.

तुम्ही म्हणाल, डिस्क सदोष नाहीच, ती दुसरीकडे चालते. त्याच कलमाच्या १० व्या पोटकलमात दोष म्हणजे काय तेही दिलं आहे. कायद्याने वा कराराने ठरलेल्या दर्जात उणीव असणं म्हणजे दोष. आणि व्यापाऱ्याने कोणत्याही प्रकारे जो दावा केला असेल त्यात कमी पडणं म्हणजेही दोष. दावा कुठे केलात? डिस्कच्या डबीवर ब्लू-रेचं निळं चिन्ह आहे. प्लेअरच्या तोंडावर तेच चिन्ह आहे. तुमच्या काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून, एका बिलावर विकलीत. याहून मोठ्याने दावा कसा करतात ते मला ठाऊक नाही.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि तक्रार करायला दोन वर्षांची मुदत आहे. हे तुम्हाला माहीत आहे. हे वाचणाऱ्यांना माहीत असावं म्हणून लिहिलं. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

चूक कबूल केल्याने कुणाचं दुकान बंद पडत नाही. वॉर्नर ब्रदर्सच्या २००६ ते २००८ मध्ये बनलेल्या काही डीव्हीडी आतून कुजून वाचेनाशा झाल्या. ग्राहकांनी बोंब मारल्यावर २०२५ मध्ये कंपनीने ते मान्य केलं आणि शक्य तिथे डिस्का बदलून देऊ असं सांगितलं. सतरा ते एकोणीस वर्षांपूर्वीच्या डीव्हीडीबद्दल! मी तर त्याच महिन्यातल्या डिस्कबद्दल बोलतो आहे.

तर माझ्या मागण्या अशा. कठीण एकही नाही.

दुकानांकडे: डिस्क लावून बघायला काउंटरवर एक प्लेअर ठेवा. चपलेच्या दुकानात एक पाय घालून बघता येतो, इथे का नको? घरी नेल्यावर डिस्क लागली नाही तर तीस दिवसांत, सील फोडलेलं असलं तरी, पैसे परत द्या. पैसे म्हणजे पैसे. सहा महिन्यांत संपणारं क्रेडिट कूपन नव्हे. ती चोरून कॉपी करून आणली असेल अशी भीती वाटते तर डबीचा नंबर बिलावर लिहून ठेवा. आणि तिघांच्या भांडणात गिऱ्हाइकाला पळवू नका. ज्याने पैसे घेतले त्याने आधी परत करावेत, मग कंपनीशी की वितरकाशी भांडायचं ते त्याने ठरवावं. तुमचा त्यांच्याशी करार आहे. माझा नाही.

प्लेअर कंपन्यांकडे: प्रत्येक मॉडेलला शेवटचा नग विकल्यानंतर किती वर्षं अपडेट मिळेल ते खोक्यावर छापा. फाइल पेनड्राइव्हवर घेता येईल अशी ठेवा, भारतातल्या मॉडेलची शेपटी स्पष्ट लिहून, मराठी-हिंदी सूचनांसह. गावोगावी वायफाय आहे असं धरून चालू नका. अपडेटने काय नवं येतं हे सांगता, तसं काय बंद होतं तेही सांगा. वीज गेली तर यंत्र मरू नये अशी फर्मवेअरची दुसरी प्रत आत ठेवा. तोपर्यंत अपडेटमध्ये मेलेला प्लेअर, वॉरंटी संपली असली तरी, फुकट दुरुस्त करून द्या. आणि आम्हा दुरुस्तीवाल्यांना पूर्ण फर्मवेअर आणि सर्व्हिस मॅन्युअल उघड द्या. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून पोर्टल सुरू केलं, त्यावर कंपन्यांची नावं दिसतात. मास्तरांच्या प्लेअरसाठी लागते ती फाइल मला तिथे मिळाली नाही.

वितरकांकडे: विभाग, अल्ट्रा एचडी आहे की साधी, आणि कोणत्या तारखेनंतरचा फर्मवेअर लागेल, एवढ्या तीन गोष्टी डबीच्या पाठीवर वाचता येतील अशा अक्षरांत छापा. एमआरपी छापता तेवढं मोठं अक्षर पुरे. एखादी डिस्क ठरावीक प्लेअरवर अडते हे कळलं की ती यादी लपवू नका, साइटवर टाका. मी ती छापून माझ्या दुकानाच्या दारावर लावीन, एक पैसा न घेता.

माझी डिस्क अजून माझ्याकडेच आहे. ज्या दोन प्लेअरवर ती चालली त्यातला एक गिऱ्हाइकाने गेल्या आठवड्यात नेला. दुसऱ्याचा मालक अजून आला नाही, तो येईपर्यंत सिनेमा बघून घ्या असं बायकोला म्हटलं, तर ती म्हणाली दुकानातल्या स्टुलावर बसून सिनेमा बघायला मी आलेली नाही. बिल, डबी, फोडलेलं सील आणि तुमच्या तिघांची उत्तरं एका पाकिटात घालून ठेवली आहेत. हे पत्र छापून आल्यापासून तीस दिवस थांबतो. मग ते पाकीट घेऊन जिल्हा आयोगात जाईन.

कुणाला मधल्या काळात माणूस पाठवून ती डिस्क आणि तो प्लेअर शेजारी शेजारी लावून बघायचे असतील तर स्वागत आहे. दुकान सकाळी दहा ते रात्री आठ उघडं असतं. सोमवारी बंद.

आपला,
राजवाड्यामागचा दुरुस्तीवाला
सातारा